काकांची वापिटी

काकांनी मला पहिल्याच दिवशी फेल केलं. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात त्यांच्या घरामागची खोली भाड्यानं बघायला मी गेले होते. खोली राहिली बाजूला, हा माणूस माझ्या गाडीभोवतीच फिरायला लागला. वाकून चाकं बघितली, बॉनेटवर टिचकी मारली, वायपर उचलून नखानं रबर खरवडलं आणि म्हणाला, "फेल."

"काका, मी खोली बघायला आलेय," मी म्हटलं.

"खोली पास आहे. वायपर फेल आहेत. पाऊस आला की काय डोकं बाहेर काढून चालवणार?"

मी पुण्याची. मला कुणी असं बोललं की मी दुप्पट बोलते. पण तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला आधी पाणी तरी द्या," आणि मग पाणी, चहा, पोहे असं करत संध्याकाळपर्यंत मी त्या खोलीची भाडेकरू होऊन बसले. वायपर काकांनीच बदलून दिले. बदलताना माझ्या गाडीतला कचरा, सीटवरचे डाग आणि माझी गाडी उभी करायची पद्धत हेही सगळं फेल करून झालं.

इथं प्रत्येक गाडीची ठरावीक मुदतीनं तपासणी करून घ्यावी लागते. त्याला सगळे वॉफ म्हणतात. वॉफ नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. काका रिटायर होईपर्यंत एका गॅरेजात वॉफचे इन्स्पेक्टर होते. मूळचे कराडचे, त्याआधी भोसरीला एका कारखान्यात होते, तिथंही काम तपासणीचंच. रिटायर झाले ते फक्त गॅरेजातून. तपासणी चालूच राहिली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचं मखर डावीकडं झुकलंय म्हणून फेल. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याच्या दुकानाची पायरी फेल. गुडघा दाखवायला डॉक्टरकडं गेले तर डॉक्टरची खुर्ची फेल, आणि खिशातून पाना काढून तिथल्या तिथं तिचा स्क्रू आवळून आले. बिचारा डॉक्टर तोवर उभा.

काकूंनी हे इतकी वर्षं सोसलं कसं, असं मला फार वाटायचं. एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "अगं, आमटीला फेल म्हणतात आणि तीन वाट्या पितात. मी वाट्या बघते."

खरं सांगायचं तर मलाही ते कळायला वेळ लागला. त्या हिवाळ्यात मी तापानं पडले होते, तर काका दाराबाहेर गरम पाण्याची पिशवी ठेवून जायचे. दार वाजवायचे नाहीत, आत डोकावायचे नाहीत, फक्त बाहेरून ओरडायचे, "गळत नाही, तपासलीय." मग पावलं लांब जायची. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे असल्या गोष्टींनी मला भरून येतं. यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा खाली साउथ आयलंडला, 'ते आनाऊ' नावाच्या गावाकडं राहायचा. जंगलातल्या पायवाटा आणि लाकडी पूल दुरुस्त करायचं त्याचं काम. मंडळात कुणी विचारलं की काका म्हणायचे, "चिरंजीव पर्यावरणात आहेत," आणि विषय बदलायचे. दर रविवारी चिरंजीवांचा फोन काकूंना यायचा. काकू भरपूर बोलून शेवटी फोन काकांकडं द्यायच्या. काका म्हणायचे, "काय, ठीक?" पलीकडून उत्तर, "गुड, बाबा. यू?" "ठीक." मग दोघं आपापल्या गावच्या हवामानाची माहिती एकमेकांना द्यायचे आणि फोन परत काकूंकडं. मुलाला मराठी सगळं कळायचं, पण तो उत्तर इंग्रजीतच द्यायचा. आईशीही तसंच, पण तिच्याशी निदान बोलायचा तरी.

हे असं का, ते काकूंनी मला मेथी निवडताना सांगितलं. मुलानं युनिव्हर्सिटीत असताना सुपरमार्केटात माल लावायचं काम करून पहिली गाडी घेतली. जुनीच, लाल रंगाची. धुऊन पुसून, कौतुकानं बापाच्याच गॅरेजात वॉफला आणली. काकांनी ती इतर गाड्यांसारखीच तपासली. टायर झिजलेले होते. सगळ्या मेकॅनिकांसमोर म्हणाले, "फेल." मेकॅनिक हसले. पोरगा हसला नाही आणि भांडलाही नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि चालत घरी आला. पुढं शिक्षण सोडलं, खाली गेला, लग्न केलं, सगळं आईला सांगून. बापाला म्हणून त्यानं त्यानंतर काही दाखवलं नाही.

"टायर खरंच झिजलेले होते," काकू म्हणाल्या. "ह्यांचं चुकलं नव्हतंच. फक्त आधी एकदा 'छान आहे रे' म्हणायचं, मग करायचं होतं फेल."

तर त्या वर्षी ख्रिसमसला मुलगा आणि सून दोन दिवस आले. ताटावर बसून तिघंही काकूंशी बोलत होते, एकमेकांशी कमी. निघायच्या वेळी मी गाडी बाजूला घ्यायला बाहेर आले होते, म्हणून मला ऐकू आलं. यूटमध्ये, म्हणजे त्याच्या उघड्या हौद्याच्या गाडीत, सामान फेकता फेकता मुलगा म्हणाला, "वी गॉट अ ब्लॉक इन द वापिटी बॅलट, बाबा. मार्चमध्ये. यू शुड कम अलाँग, ए." दार लावलं, हात केला आणि गेला. यूट वळणाआड गेली तरी काका तिथंच उभे होते.

वापिटी म्हणजे घोड्याएवढं हरीण. अमेरिकेत त्याला एल्क म्हणतात. कोणे एके काळी तिकडून आणून इथल्या दक्षिणेकडच्या डोंगरांत सोडली, आणि ती त्या डोंगरांतच राहिली. त्यांच्या शिकारीसाठी दरवर्षी चिठ्ठ्या निघतात. ज्या टोळीची चिठ्ठी निघेल तिला डोंगराचा एक तुकडा काही दिवसांसाठी मिळतो. वर जायचं ते हेलिकॉप्टरनं. लोक वर्षानुवर्षं वाट बघतात म्हणे.

आणि आमचे काका जन्माचे शाकाहारी. झुरळ दिसलं तर काकूंना हाक मारणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकान उघडायच्या आधी जाऊन उभे राहिले आणि डोंगरात घालायचे बूट घेऊन आले. "मला बोलावलंय," ते म्हणाले. डेअरीवाल्याला म्हणाले, ट्रेनच्या कंडक्टरला म्हणाले, गुडघ्याच्या डॉक्टरला म्हणाले. "चिरंजीवांनी शिकारीला बोलावलंय." मी म्हटलं, "काका, पण तुम्ही बंदूक धरणार?" तर म्हणाले, "बंदूक ती पोरं धरतील. मी वर स्वयंपाक करीन. आणि आवाज काढीन."

आवाजाचं सांगते, पण आधी बुटांचं. नवे बूट डोंगरात घालून गेलं की पाय सोलून निघतात, म्हणून ते आधी घरी मुरवायचे असतात. काकांनी ते घरात घातले, बागेत घातले, मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंना सोडायला गेले तेव्हा घातले. वेलिंग्टनच्या ट्रेनमध्ये इस्त्रीच्या पँटवर ते बूट आणि पाठीवर ही मोठी सॅक. सॅकेत बासमतीची पोती. पहिल्यांदा एक, मग दोन, मग तीन. हे घेऊन ते घरामागच्या टेकडीवर चढायचे आणि उतरायचे. पंचाईत अशी, की घरातला तांदूळ संपला तरी काकूंना पोतं फोडायची परवानगी नव्हती, कारण वजन कमी होईल. "अहो, घरात तीन पोती तांदूळ आणि मी शेजारणीकडं वाटी घेऊन जाऊ?" काकू कडाडल्या. त्या महिन्यात आम्ही पोळ्याच खाल्ल्या.

मग जेवणाची तयारी. वाळवलेलं अन्न हलकं असतं आणि वर नुसतं गरम पाणी घातलं की होतं, हे काकांनी कुठंतरी वाचलं. यंत्र आणलं. पिठलं, वरण, खिचडी सगळं वाळवून पाकिटांत भरायला लागले. इथपर्यंत काकू खूश होत्या. पण मग काकांनी शोध लावला, की वापिटीचं नाक फार तिखट, म्हणून हिंग आणि लसूण बंद.

"हिंगाशिवाय पिठलं?" काकू म्हणाल्या.

"वास जातो, अगं. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर."

"मग असलं पिठलं खाल्लं तर वापिटी राहील आणि माणसं पळतील."

वारा कुठून कुठं वाहतोय हे कळायला शिकारी डबीतून चिमूटभर भुकटी उडवून बघतात. काकांनी आधी रांगोळी उडवली, ती सरळ खाली पडली. फेल. मग तांदळाची पिठी, ती ओलसर होती. फेल. शेवटी काकूंची पावडर पास झाली. कुठंही गेलं की हा माणूस खिशातून डबी काढायचा आणि फूस करून पावडर उडवायचा. एकदा मंडळाच्या सभेत अध्यक्षांच्या भाषणात उडवली. वारा अध्यक्षांकडूनच येत होता.

नदीचं तर काय सांगू! डोंगरात ओढे ओलांडावे लागतात, आणि ते एकट्यानं ओलांडायचे नसतात. शेजारी शेजारी उभं राहून, एकमेकांच्या पाठीमागून हात घालून, सॅकचा पट्टा घट्ट धरून, सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. ह्याची प्रॅक्टिस करायला काका आम्हा दोघींना हट नदीवर घेऊन गेले. मी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे घातले होते, काकू ट्रॅकपँट वर खोचून. पाणी गुडघ्याच्या वर नव्हतं, पण गार असं की माझ्या तोंडून शिव्या निघाल्या. काका मधे. "पट्टा धरा. सोडायचा नाही. काय वाट्टेल ते झालं तरी सोडायचा नाही," असं आम्हाला बजावत होते. काठावरून एक माणूस कुत्रं फिरवत चालला होता, तो थांबून ओरडला, "यू गाइज ऑल गुड?"

"स्वीट ॲज!" काका ओरडले, म्हणजे इथल्या भाषेत एकदम मस्त.

आणि बरोबर मधोमध आल्यावर काकू म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत हात धरलात." काकांचं पाऊल चुकलं. आम्ही तिघंही धपकन पाण्यात बसलो आणि मला इतकं हसू आलं की उठताच येईना. काकांनी स्वतःलाच फेल केलं.

आता आवाज. शरद ऋतूत, म्हणजे इथल्या मार्च-एप्रिलमध्ये, नर वापिटी लांबलचक आरोळी ठोकतो. म्हणायला आरोळी, पण निम्मी शिट्टीच. शिकारी नळीतून तसाच आवाज काढतात. डोंगरातल्या खऱ्या नराला वाटतं दुसरा कुणी आलाय, मग तो तिकडून ओ देतो आणि जवळ येतो. काकांनी बागेच्या पाण्याची काळी नळी कापून घेतली, फोनवर खऱ्या वापिटीचे आवाज ऐकले आणि रोज सकाळी गॅरेजात बसायला लागले. पहिले आठ दिवस आम्ही म्हैस पाळलीय असं वाटत होतं. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून मला म्हणाल्या, "किया ओरा, लव्ह. इज एव्हरीवन ओके ओव्हर देअर?" पण काका लहानपणी कराडला भजनात पेटी वाजवायचे, सुराचं अंग होतं. महिन्याभरात त्यांना जमायला लागलं. सुरुवात खालून, मग वर वर चढायचं, टोकाला टिकायचं, आणि तिथंच, वरच, तोडायचं. ऐकताना अंगावर काटा यायचा. मी कप हातात धरून माझ्या दारात उभी राहून ऐकायची.

फेब्रुवारीत एका रविवारी काकूंनी मुलाला सहज विचारलं, की वर थंडी किती असते, ह्यांना लोकरी बनियन एक पुरेल का दोन देऊ. मी तिथंच कांदा चिरत होते. काकू ऐकत राहिल्या. मग "बरं, बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो म्हणतो, आई, आय वॉज जस्ट सेइंग." काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चौघांचीच नावं आहेत म्हणे. हेलिकॉप्टरसुद्धा चौघांचंच. त्याला वाटलं, बाबा कसले येतायत. तो सहज म्हणाला गं."

 मला स्वतःचाच राग आला, कारण मला हे कळायला हवं होतं. आम्ही काय वेगळं करतो? लग्नाच्या हॉलमध्ये, रस्त्यात, जिन्यात भेटेल त्याला "या एकदा घरी" म्हणतो आणि चालायला लागतो. ज्याला म्हणतो त्यालाही माहीत असतं. काकांनासुद्धा दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बरोबर कळलं असतं. पण मुलानं म्हटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी म्हटलं होतं.

सांगायचं कुणी? काकू म्हणाल्या, "तू सांग. तू भाडेकरू आहेस, तुला जास्त बोलणार नाहीत." हा काय न्याय झाला? पण गेले. काका गॅरेजात बुटांना मेण चोळत बसले होते. मी दोनदा हवामानावर बोलले आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही. एक बूट पुरा केला, दुसरा घेतला, तोही पुरा केला. जिभल्या नीट बसवल्या, नाड्या आत टाकल्या.

"चौघंच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरोबर आहे. हेलिकॉप्टरचं वजन ठरलेलं असतं," ते म्हणाले आणि बूट फळीवर ठेवले.

त्यानंतर गॅरेज बंद. टेकडी बंद. काकूंनी तांदळाचं पोतं फोडलं तरी बोलले नाहीत. आमटीलाही काही म्हणाले नाहीत आणि एकच वाटी घेतली. काकू ओट्याशी तोंड फिरवून डोळे पुसत होत्या. शेजारच्या आजीबाईंनी मला गाठून विचारलं, "इज ही ऑलराइट? आय हॅवन्ट हर्ड हिम." मला त्या पोराचा असा संताप आला होता, की समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. आणि त्याचं तरी काय चुकलं होतं? नाही म्हटलं तर काहीच नाही. त्यामुळे तर मला जास्तच राग येत होता.

असे काही दिवस गेल्यावर एका शनिवारी काका माझ्या दाराशी आले. बूट घातलेले होते.

"तुमच्या पुण्यात," ते म्हणाले, "'या एकदा घरी' असं म्हणतात की नाही?"

"म्हणतात," मी म्हटलं. "आणि कराडात काय वेगळं म्हणतात?"

"ते सोड. असं म्हटलं आणि माणूस खरंच आला तर काय करता?"

"काय करणार? या म्हणतो. चहा टाकतो."

"हाकलत नाही ना?"

"नाही."

"झालं तर मग," काका म्हणाले. "तिकीट काढून दे मला. तुझ्या त्या फोनवरून."

मी म्हटलं, त्याला आधी कळवा तरी. तर म्हणाले, कळवलं तर तो नको म्हणेल, आणि नको म्हटल्यावर जाता येत नाही. याला तोडच नव्हती. मुलाची टोळी वर जायच्या आठवडाभर आधीचं तिकीट काढलं. काकूंनी वाळवलेल्या पिठल्याची पाकिटं भरली आणि त्यातल्या निम्म्यांवर हळूच पेनानं "हिंग" लिहिलं. मी वेलिंग्टनच्या विमानतळावर सोडायला गेले. तिथं तपासणीला त्या काळ्या नळीवरून प्रश्न आला, की हे काय आहे. काकांनी शब्दानं सांगायच्या ऐवजी वाजवूनच दाखवलं. अख्खी रांग गप्प झाली. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि त्यांना आत सोडलं.

आठवडाभरानं परत आले ते रापलेले, हडकलेले आणि दाढी वाढवून. स्वयंपाकघरात उभं राहूनच त्यांनी आम्हा दोघींना सगळं सांगितलं. मुलानं दार उघडलं, बघतच राहिला. "बाबा, देअर्स नो सीट." काका म्हणाले, "माहीत आहे. मी आलोय. चहा टाक." सुनेनं टाकला.  मग मुलानं दारातले काकांचे बूट उचलले, उलटे करून तळवे बघितले, कुठं किती झिजलेत ते बघितलं आणि परत जागेवर ठेवले. सकाळी उजाडता उजाडता येऊन म्हणाला, "गेट युअर बूट्स, बाबा." त्या डोंगरात नाही, जवळच्याच एका दरीत नेलं, दोन दिवसांसाठी. ओढा लागला तेव्हा त्यानं काकांच्या पाठीमागून हात घालून पट्टा धरला.

"आणि मग," काका म्हणाले, आणि त्यांनी नळी हातात घेतली. "मला एका ओंडक्यावर बसवलं आणि म्हणाला, मी वरपर्यंत जाऊन बघतो, तुम्ही इथून आवाज काढा. मी काढला. काही नाही. परत काढला. काही नाही. तिसऱ्यांदा काढला, आणि वरून ओ आली! अगं, खरंच आली! मी परत काढला, परत आली. मी इकडून, तो तिकडून. अर्धा तास. मग वारा फिरला आणि गप्प झाला. चिरंजीव खाली आले ते पळत, तोंड लाल झालेलं. म्हणाला, डिड यू हिअर दॅट, बाबा?"

काकूंनी पदरानं डोळे टिपले. काकांनी ही गोष्ट डेअरीवाल्याला सांगितली, डॉक्टरला सांगितली, मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात माईक घेऊन सांगितली. आणि तिथं पहिल्यांदाच म्हणाले, की माझा मुलगा जंगलात पायवाटा बांधतो.

त्याच सुमारास एकदा मुलाचा फोन आला तेव्हा काकूंचे हात पिठात होते, म्हणून मी उचलला. मुलगा आधी अडखळला, मग म्हणाला, "इज ही टेलिंग एव्हरीवन?"

"सगळ्यांना," मी म्हटलं. "माईकवरून."

तो खूप हसला. मग म्हणाला, की त्या बाजूला एकही वापिटी नाही, कधीच नव्हती. तो मीच होतो. झाडामागे बसून तोंडाशी हात धरून ओरडत होतो. "ही लुक्ड सो हॅपी. डोन्ट टेल हिम, ए." आणि मग, माझ्याशी पहिल्यांदाच, मोडक्या उच्चारात मराठीत म्हणाला, "सांगू नको हं."

मी कशाला सांगतेय? फोन ठेवून मी मागच्या दारी गेले आणि तिथं पोटभर रडून घेतलं.

पुढं मला ऑकलंडला नोकरी लागली. आता मी तिथल्याच ओटाहुहुला राहते, तिथं माझे वायपर कुणी बघत नाही. सामान गाडीत भरायच्या दिवशी थंडी पडायला लागली होती. शिकारीचा मोसम केव्हाच संपला होता. मुलगा त्याच्या टोळीबरोबर वर जाऊन रिकाम्या हातानं परतही आला होता. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीत त्यानं बापाचं नाव घालायचं ठरवलं होतं. चिठ्ठी निघेल का नाही कुणाला ठाऊक. तरी गॅरेजातून आवाज येतच होता. मी आत गेले.

"काका, आता कशाला? अजून वर्ष आहे."

"सूर ठेवायला लागतो," ते म्हणाले. नळी पुसली, मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "त्याचा शेवट पडतो, बघ."

"कुणाचा?"

"चिरंजीवांचा. वर नीट चढतो, टिकतोसुद्धा. पण खरा वापिटी वरच तोडतो. हा तोडताना खाली येतो. पहिली ओ आली तेव्हाच कळलं मला."

मी बघतच राहिले.  मी म्हटलं, "मग त्याला सांगितलं का नाही तुम्ही?"

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी वेड्यासारखं बोलले होते.

"इतक्या वर्षांनी ओ दिलीय त्यानं," ते म्हणाले. "आता सूर चुकला म्हणून सांगायला जाऊ होय?"